घडीची खुर्ची

आईने खुर्ची विकत आणली तेव्हा धाकटी हातातला चहा तसाच ठेवून दाराशी आली.

घडीची खुर्ची होती ती, कापडी पाठीची. लोक गळ टाकून मासे धरत बसतात ना, तेव्हा नेतात तसली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे कुरकुरणाऱ्या बाईने ती दुकानापासून घरापर्यंत काखोटीला मारून आणली, दारामागे टेकवली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "इमारत पाडायला किती दिवस लागतात गं?"

"तीन आठवडे. चार धर. का?"

"रोज जाईन म्हणते. समोरच्या फुटपाथवर दुपारी सावली असते का?"

हे नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिचं डोकं शाबूत होतं. तुमच्याआमच्यापेक्षा जास्तच शाबूत होतं.

गावात टेलिफोनची एक जुनी चारमजली इमारत होती. फोन खिशात आले तशी ती ओस पडली. एकतीस वर्षांपूर्वी, ती गजबजलेली असताना, धाकटीचा थोरला भाऊ, दादा, तिथे मेकॅनिक म्हणून लागला होता. नोकरीला चार महिने झाले होते. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावर त्याने लिफ्टचं दार ओढलं, ते उघडलं, हातात तारांचं भलंमोठं वेटोळं असल्यामुळे पुढचं दिसत नव्हतं, आणि त्याने पाऊल टाकलं. लिफ्ट खालीच होती. लिफ्ट आल्याशिवाय दार उघडू नये म्हणून जी कळ असते ती महिनाभर मोडलेली होती.

दादा तेवीसचा होता. चौकशी झाली तेव्हा लिफ्टच्या तपासणीचा कागद निघाला. दोनच दिवस आधीची तारीख, खाली सही, आणि वर दोन शब्द: सर्व ठीक. तपासनीस आला होता, खाली बसून चहा प्यायला होता, कागद भरून गेला होता. तिसऱ्या मजल्यावर तो चढलाच नव्हता. त्याची बदली झाली, बस, एवढंच झालं.

त्या दिवसापासून त्या घरात कुणी 'सगळं ठीक' म्हणत नाही. फोनवर कुणी विचारलं, कसं काय, तर आई म्हणते, "चाललंय." नात्यातल्या एका नवीन जावयाने एकदा जेवताना सहज म्हटलं, "बाकी सगळं ठीक," तर आई ताटावरून उठून गेली. तो बिचारा हातातला घास घेऊन तसाच बसला. तेव्हापासून तोही 'चाललंय' म्हणतो.

आणि त्या दिवसापासून आई त्या रस्त्याने गेली नाही. बाजार सरळ गेलं तर दहा मिनिटांवर. ती मागच्या गल्लीतून, गिरणीला वळसा घालून, पंचवीस मिनिटं चालत जाते. एकतीस वर्षं. नवरा आजारी असताना दवाखान्यात डबा न्यायचा तोसुद्धा वळसा घालूनच.

धाकटी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. पंचेचाळीसची, चष्मा लागलेली, कानशिलं पांढरी झालेली. पण दादा गेला तेव्हा ती चौदाची होती, आणि तेव्हा ती जी धाकटी होती ती कायमची धाकटी राहिली. आता ती दादापेक्षा बावीस वर्षांनी मोठी आहे, तरी धाकटीच. बाहेर मात्र तिला सगळे मॅडम म्हणतात. जुन्या इमारती तपासणाऱ्या एका कार्यालयात ती इंजिनिअर आहे. का झाली, हे सांगायची गरज नाही. आईने तिला वाढवताना एकच गोष्ट शंभरदा सांगितली होती: "कागदावर खोटं लिहिणाऱ्याने माझा मुलगा मारला. तू बघितल्याशिवाय लिहू नकोस."

तिच्या कार्यालयाचं काम तसं सरळ. लोकांना नवं बांधायची हौस दांडगी. जुनी इमारत दिसली की हात शिवशिवतात. पण इमारत उभी राहते तेव्हा सिमेंटच्या भट्ट्या जळतात, पोलाद वितळतं, ट्रकच्या खेपा होतात, आणि जो कार्बन वर जातो तो गेलाच. त्याला परत बोलावता येत नाही. चांगला सांगाडा पाडला की तो सगळा धूर फुकट गेला, आणि नवीन बांधताना तेवढाच पुन्हा सोडा. म्हणून आधी तपासा, धडधाकट असेल तर ठेवा, आतलं बदला, वापरा. धाकटीने दहा वर्षांत एक गिरणी, दोन गोदामं आणि एक बंद पडलेली शाळा अशी वाचवली होती. पाडकामाचे ठेकेदार तिच्या नावाने बोटं मोडायचे. "ही बाई एकदा वर चढली की इमारत काही खाली येत नाही," असं म्हणायचे.

टेलिफोनच्या इमारतीची फाईल साहेबांनी तिच्या टेबलावर ठेवली तेव्हा तिने म्हणायला हवं होतं, साहेब, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. कार्यालयात कुणालाच दादाची गोष्ट माहीत नव्हती. सांगायला तोंड होतं, दोन वाक्यांचं काम होतं.

"ठेवायची ठरली तर खाली वाचनालय आणि वर नर्सबायकांसाठी राहायच्या खोल्या," साहेब म्हणाले. "पाडायची ठरली तर तिथेच नवी. आपला अहवाल येईल त्यावर आहे सगळं."

"करते," ती म्हणाली.

तिला ते काम हवं होतं. ती इमारत दुसऱ्या कुणाच्या सहीने पडलेली तिला चालली नसती. घरी येऊन तिने आईला सांगितलं, आणि सांगताना तिच्या तोंडून निघून गेलं, "पन्नास वर्षांची जुनी आहे, आई. पाडायचीच म्हणून मी लिहीन बहुतेक."

'बहुतेक' आईने ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची आली.

इमारतीची तब्येत बघायची म्हणजे तिच्या अंगातून काँक्रीटचे दंडगोल कापून काढायचे, मनगटाएवढे जाड. त्याला कोअर म्हणतात. कोअरवर एक औषध फवारलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, आजारी तसंच राखाडी राहतं. मग दाबून फोडून ताकद मोजायची. कोअर काढणाऱ्या माणसाला सगळे भोकवाले म्हणायचे. साठीला टेकलेला, कानात कापूस घातलेला, मशीनइतकाच मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. त्याला स्वतःलाही ते नाव पसंत होतं. "आमचा धंदाच तो," म्हणायचा.

धाकटीने खडूने सहा खुणा केल्या. भोकवाल्यांनी सहा कोअर काढले. सहाही राखाडी निघाले, ताकदीला पोचट. तिने कच्चा अहवाल लिहायला घेतला. सर्व मजल्यांची पाहणी केली. काँक्रीट जीर्ण. पाडणे योग्य. लिहिताना तिचा हात जरासुद्धा थांबला नाही. संध्याकाळी घरी गेली तर आई दारात त्या खुर्चीवर बसून बघत होती. पाठ टेकते का, बसल्यावर उठता येतं का, याची रंगीत तालीम चालली होती.

"मऊ आहे गं," आई म्हणाली. एकतीस वर्षांत आईचा चेहरा असा सैल पडलेला तिने पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भोकवाले कार्यालयात आले. दारातच घुटमळले. त्या माणसाला घुटमळणं म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, म्हणून तिने मान वर केली.

"मॅडम, एक विचारू? रागावायचं नाही."

"विचारा की."

"सहाही भोकं पंपखोलीच्या भोवतीच का हो?"

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिथे वीस वर्षं पाणी झिरपतंय. तिथलं काँक्रीट सडकं निघणारच, त्याला भोक कशाला पाडायला हवं? सुजलेलं एक बोट बघून माणूस मेला म्हणून लिहीत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या गिरणीत तुम्ही मला तीन तीनदा जिने चढायला लावलंत. आणि इथे..." ते कान खाजवत थांबले. "इथे तुम्ही पहिल्या मजल्याच्या वर गेलाच नाहीत, मॅडम."

खोट काढायची तर इथे काढावी. धाकटीने ठरवून लबाडी केली नव्हती, हे तिच्या वतीने सांगितलं पाहिजे. खडू हातात घेऊन ती इमारतीत शिरली, पाय जिकडे वळले तिकडे तिने खुणा केल्या, आणि पाय जिन्याकडे वळलेच नाहीत. तिला वाटत राहिलं की आपण नेहमीसारखंच काम करतोय. पण समोरच्या कागदावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सर्व मजल्यांची पाहणी केली. फक्त चहा प्यायचा राहिला होता.

तिने तो कागद फाडला. लहान लहान तुकडे केले.

"मशीन घ्या," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर जायचंय."

तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दारावर लोखंडी पत्रा ठोकलेला होता. अपघातानंतर कुणीतरी ठोकला असणार. इतक्या वर्षांत त्याला लोकांनी नोटिसा चिकटवल्या होत्या, त्याही पिवळ्या पडून लोंबत होत्या. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिला बांधकामावर विहीर म्हणतात. त्या विहिरीच्या भिंतीवर, दाराच्या शेजारीच, धाकटीने खडूने गोल काढला.

मशीन सुरू झालं. पंपखोलीपाशी जे काम दहा मिनिटांत झालं होतं त्याला इथे पाऊण तास लागला. मशीन किंचाळत होतं, पाणी उडत होतं, भोकवाले दोन्ही हातांनी ते दाबून धरत होते. कोअर निघाला तो अखंड, एका तुकड्यात. तिने औषध फवारलं.

गुलाबी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गर्द गुलाबी.

"बघा!" भोकवाले ओरडले. "पन्नास वर्षांची म्हातारी आणि लाजतेय कशी! ही विहीर म्हणजे या इमारतीचा पाठीचा कणा आहे, मॅडम. सगळा भार हिनेच धरलाय. हिला काय होतंय अजून शंभर वर्षं!"

धाकटी तिथेच जमिनीवर, त्या चिखलपाण्यात बसली. आणि एकतीस वर्षांत घराबाहेर कुणालाही न सांगितलेली गोष्ट तिने त्या कानात कापूस घातलेल्या माणसाला सांगितली. त्यांनी कापूस काढून ऐकली.

त्यांनी मशीनवरचं पाणी पुसून काढलं. मग हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, म्हणाले, "मग ते पहिले सहाच राहू द्या. मी काय बोललो नाही, तुम्ही काय ऐकलं नाही. हा सातवा मी गाडीतून कुठेतरी टाकून देतो. आईसाठी म्हणून..."

किती सोपं होतं! माणूस मनापासून सांगत होता, पुन्हा कधी तोंड उघडणार नाही असा होता. धाकटीला रडू फुटलं, ते त्या इमारतीसाठी की दादासाठी की दारामागच्या खुर्चीसाठी, तिचं तिलाच कळेना. पत्र्याला हात टेकून ती उठली.

"नको," ती म्हणाली. "चौथ्या मजल्यावर चला. अजून अकरा काढायचेत."

अकराही गुलाबी निघाले.

आईला सांगायला तिने रविवारची दुपार निवडली. आई मटार सोलत होती. धाकटीने समोर बसून चार शेंगा हातात घेतल्या आणि एका दमात सांगून टाकलं. इमारत धडधाकट आहे. पंपखोलीची बाजू दुरुस्त करायची, बाकी ठेवायची.

आईचे हात चालूच होते. "पडणार नाही म्हणतेस."

"नाही, आई."

"का?"

"पाडून पुन्हा बांधायची म्हणजे अठ्ठावीसशे टन कार्बन हवेत सोडायचा. एकदा सोडून झालाय तो. पुन्हा कशाला? चांगल्या इमारती पाडत सुटलो तर..."

"तुझ्या कागदात तो धूर मोजलाय."

"हो."

"आणि तो? त्याचा रकाना कुठे आहे?"

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तसा रकाना नसतो, आई."

आईने ताटली बाजूला सारली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तुला लहानपणापासून सांगत आले, खोटं लिहू नकोस. सांगत आले की नाही? पण हे एक लिहायचं होतंस गं. एकदाच. माझ्यासाठी."

"लिहिलं होतं."

आईने वर पाहिलं.

"लिहिलं होतं, आई. सगळे मजले पाहिले म्हणून लिहिलं. तिसऱ्या मजल्यावर न चढता."

सोललेले दाणे आईने डब्यात भरले, झाकण लावलं, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. धाकटी उंबऱ्यात उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होती. पाठ हलत होती, आवाज येत नव्हता. आपण जे केलं ते बरोबर होतं याबद्दल धाकटीला तीळभरही शंका नव्हती, आणि त्याचा तिला त्या क्षणी काडीचाही उपयोग नव्हता.

सोमवारी तिने साहेबांना सगळं सांगितलं, दादासकट. साहेबांनी अठराही कोअर दुसऱ्या इंजिनिअरकडून पुन्हा तपासून घेतले. त्याचाही निकाल तोच आला. ठेवावी.

काम चौदा महिने चाललं. त्या चौदा महिन्यांत आई तिच्याशी बोलली ती कामापुरती. औषध संपलंय, गॅस आलाय, पावती ठेवलीय. रागाने नव्हे. आतून काहीतरी निघून गेल्यासारखी. बाजाराला वळसा घालूनच जात होती. खुर्ची दारामागेच होती, तिच्यावर धूळ बसली. धाकटीने एकदा ती माळ्यावर टाकायला उचलली तर आई म्हणाली, "असू दे."

लिफ्ट बसवायला माणसं आली तेव्हा धाकटी रोज तिथे जाऊन उभी राहायची. तिचं काम नव्हतं ते. लिफ्टचा तपासनीस वेगळा होता, चांगला पोरगेला माणूस होता. या बाई आपल्या मानगुटीवर का बसल्यात हे त्याला कळत नव्हतं. तिने त्याच्याकडून प्रत्येक मजल्याचं दार पन्नास पन्नास वेळा ओढून घेतलं. लिफ्ट नसताना एकदाही उघडलं नाही. तो कागद भरायला बसला आणि सवयीने पहिला शब्द लिहिणार तोच तिने त्याचा हात धरला.

"ठीक लिहू नका. काय पाहिलं ते लिहा."

वाचनालय उघडून आठवडा झाला होता. एका सकाळी धाकटी कामावर निघाली तर आई चपला घालून दारात उभी. काखेत खुर्ची.

"चल," आई म्हणाली.

कुठे, असं धाकटीने विचारलं नाही. कोपऱ्यावर आल्यावर आई मागच्या गल्लीकडे वळली नाही, सरळ चालत राहिली. दहा मिनिटांचा तर रस्ता. आई मध्ये दोनदा थांबली, एकदा श्वास घ्यायला आणि एकदा नुसतीच. खुर्ची द्यायला मात्र तयार नव्हती.

इमारतीच्या भिंती पांढऱ्या केल्या होत्या. खाली पेपर वाचत बसलेली माणसं होती, आत पुस्तकांचा नवा वास होता. आईने कशाकडेच पाहिलं नाही. लिफ्टसमोरून ती पुढे गेली आणि जिना चढायला लागली. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तिसऱ्या मजल्यापर्यंत वीस मिनिटं लागली. एक नर्सबाई ड्यूटीला निघाली होती, ती थांबून म्हणाली, "आजी, लिफ्ट आहे की!"

"माहीत आहे," आई म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारासमोर तिने खुर्ची उघडली, नीट मांडली आणि बसली. दाराच्या शेजारी भिंतीवर एक गोल डाग होता. कोअर काढल्याचं भोक बुजवलेलं, रंग लावूनही थोडं वेगळं दिसणारं. आईने त्यावरून हात फिरवला. मग बटण कुठे आहे ते विचारलं. धाकटीने दाखवलं.

आईने बटण दाबलं. विहिरीतून घरघर ऐकू आली, वर वर येत गेली. आईने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले होते. दार उघडलं.

लिफ्ट आली होती. आत दिवा होता, जमीन होती.

"आली," आई म्हणाली. "आत्ता आली गं."

थोड्या वेळाने दार आपोआप मिटलं. धाकटी तिला उठवायला पुढे झाली, पण आईने हातानेच तिला थांबवलं आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दार उघडलं. पुन्हा दिवा, पुन्हा जमीन. दार मिटलं. आईने पुन्हा दाबलं. धाकटी तिच्या पायाशी फरशीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आईचा एक हात तिच्या केसांवर आला, दुसरा बटणावरच राहिला.